प्रेशर वॉशरच्या सरफेस क्लीनरला कोणत्या नंबरचा नोझल लावायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरफेस क्लीनर म्हणजे फरशी धुवायला प्रेशर वॉशरच्या गनला जोडायचं साधन. त्याच्या गोल झाकणाखाली एक दांडा असतो. त्याच्या टोकांना दोन, तीन किंवा चार नोझल लावलेले असतात. दांडा फिरवायला वेगळी मोटर नसते. नोझलमधून सुटणाऱ्या पाण्याच्या उलट रेट्यानेच तो फिरतो. त्यामुळे नोझलचा नंबर चुकला की दाब, दांड्याचा वेग आणि सफाई ही तिन्ही एकदमच बिघडतात. नव्या सरफेस क्लीनरसोबत येणारे नोझल विकणाऱ्याने सरासरी मशीन डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. ते तुमच्या मशीनला जुळतात की नाही, हे तुम्हालाच पाहावं लागतं.

नोझलवर २५०३ किंवा २५०२५ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

पहिले दोन अंक फवाऱ्याच्या कोनाचे, उरलेले नोझलच्या नंबरचे. २५०३ म्हणजे २५ अंश आणि ३ नंबर. २५०२५ म्हणजे २५ अंश आणि २.५ नंबर. काही उत्पादक ३ नंबरच २५०३० असा लिहितात, वस्तू तीच.

हा नंबर म्हणजे भोकाचा व्यास नव्हे. ४००० पीएसआय, म्हणजे सुमारे २७६ बार दाबाला तो नोझल मिनिटाला किती अमेरिकन गॅलन पाणी सोडतो, ते त्यातून कळतं. एक अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा. म्हणून ३ नंबरचा नोझल २७६ बारला मिनिटाला सुमारे ११.४ लिटर पाणी सोडतो. दाब निम्मा झाला तर पाणी निम्मं होत नाही, साधारण ७० टक्के होतं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो.

रंगांची खूण वेगळी आहे. लाल ०, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४० अंश आणि काळा साबणाचा. रंगावरून फक्त कोन कळतो. हिरवा मागितला आणि हिरवा मिळाला, तरी नंबर वाचल्याशिवाय तो लावू नका.

नंबर सरफेस क्लीनरच्या आकारावरून ठरवायचा की मशीनवरून?

मशीनवरून. प्रेशर वॉशरचा पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक पाणी पुढे ढकलतो. समोरची वाट अरुंद असेल तर दाब चढतो, रुंद असेल तर उतरतो. पाणी मात्र तेवढंच राहतं. म्हणजे पंप पाणी देतो आणि दाब नोझलमुळे तयार होतो. झाकण १२ इंची आहे की २० इंची, याचा या हिशोबाशी संबंध नाही. व्यासाचा प्रश्न वेगळा आहे, तो पुढे घेतला आहे.

हिशोब नेमका कसा करायचा?

सगळ्या नोझलचा मिळून नंबर = (लिटर प्रति मिनिट ÷ ३.७८५) × √(२७६ ÷ बार)

वर्गमूळ टाळायचं असेल तर मशीनच्या दाबासमोरच्या आकड्याने लिटरना गुणा:

१०० बार: ०.४४
१२० बार: ०.४०
१५० बार: ०.३६
२०० बार: ०.३१
२५० बार: ०.२८

उदाहरणार्थ, १५ लिटर आणि २०० बारचं साडेसात हॉर्सपॉवरचं थ्री फेज मशीन. १५ × ०.३१ = ४.६५. हा झाला एकूण नंबर. दांड्याला दोन नोझल असतील तर प्रत्येकी २.३२. असा नोझल बाजारात मिळत नाही, कारण नंबर सहसा अर्ध्या-अर्ध्याने वाढतात: १.५, २, २.५, ३. म्हणून २.५ चे दोन.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे भागाकार विसरणं. लान्सला, म्हणजे गनच्या पुढच्या लांब नळीला, ४.५ नंबरचा नोझल आहे म्हणून सरफेस क्लीनरलाही ४.५ चे दोन लावले जातात. एकूण नंबर ९ होतो आणि १५ लिटरच्या त्या मशीनचा दाब ५५ बारच्याही खाली येतो. मग दोष सरफेस क्लीनरला दिला जातो.

नेहमीच्या मशीनांसाठी तयार उत्तर द्या.

दोन नोझलचा दांडा धरून:

७ लिटर, १२० बार (घरगुती): एकूण २.८. १.५ चे दोन. प्रत्यक्ष दाब सुमारे १०५ बार.
१३ लिटर, १५० बार (५ हॉर्सपॉवर): एकूण ४.७. २.५ चे दोन. सुमारे १३० बार.
१५ लिटर, २०० बार: एकूण ४.६५. २.५ चे दोन. सुमारे १७३ बार.
२१ लिटर, २०० बार: एकूण ६.५. ३.५ चे दोन. सुमारे १७३ बार.

१३ लिटर १५० बार आणि १५ लिटर २०० बार ही दोन वेगळी मशीनं असूनही नोझल एकच आला, याचं नवल वाटू देऊ नका. पहिल्यात पाणी कमी आहे, पण दाबही कमी आहे. दोन्हींचं भोक जवळजवळ तेवढंच लागतं.

हिशोब दोन नंबरांच्या मधे आला तर वरचा घ्यायचा की खालचा?

सर्वसाधारणपणे वरचा. वरचा नोझल घेतला तर थोडा दाब जातो, एवढंच. खालचा घेतला तर पंपाला ठरवून दिलेल्या दाबाच्या पुढे जायला लागतं आणि तिथे अनलोडर व्हॉल्व्ह (जादा पाणी परत पंपात वळवणारी झडप) उघडतो. १५ लिटर, २०० बारच्या मशीनला २ चे दोन लावले तर २०० बारला त्यांतून सुमारे १२.९ लिटरच बाहेर पडतं, उरलेलं २.१ लिटर पंपातच फिरत राहतं. १.५ चे दोन लावले तर एक तृतीयांशाहून जास्त पाणी परत फिरतं. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरून तापतं, पंपाचे सील कडक होतात आणि गळती सुरू होते.

पण हा नियम डोळे झाकून पाळण्यासारखाही नाही. ९ लिटर, १५० बारचं मशीन घ्या. एकूण नंबर ३.२४, प्रत्येकी १.६२. नियमाप्रमाणे २ चे दोन लावले तर दाब एकदम ९७ बारवर येतो. १.५ चे दोन लावले तर अनलोडरमधून जेमतेम ०.६ लिटर परत फिरतं आणि १५० बारचा पूर्ण दाब मिळतो. इथे आम्ही १.५ घेऊ. बहुतेक पाणी नोझलमधून निघून जातं आणि आत सतत थंड पाणी येत राहतं, त्यामुळे पंप तापत नाही. परत फिरणारं पाणी एकूण पाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर खालचा नंबर चालतो, त्यापलीकडे वरचाच. आणि निर्णय घेण्याआधी मशीन खरंच ९ लिटर देतं का, ते मोजून पाहा.

म्हणजे नेमप्लेटवरचे आकडे खरे धरायचे नाहीत?

स्वस्त मशीनांवर 'कमाल' म्हणून छापलेले दाब आणि प्रवाह एकाच वेळी मिळत नसतात. कमाल दाब नोझल जवळपास बंद असतानाचा आणि कमाल प्रवाह नोझल नसतानाचा, असंही असू शकतं. 'कार्यदाब' वेगळा दिला असेल तर हिशोबात तोच धरा.

पाणी मोजणं सोपं आहे:

१. लान्सचा नोझल काढा. गनच्या तोंडातून पाणी मोकळं येऊ द्या.
२. २० लिटरची बादली घ्या. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा.
३. मशीन चालू करून गन पूर्ण दाबा, पाणी स्थिर झालं की बादलीत सोडा.
४. १२०० भागिले लागलेले सेकंद, म्हणजे लिटर प्रति मिनिट.

१५ लिटरचं मशीन बादली ८० सेकंदांत भरतं. १०० सेकंद लागले तर मशीन १२ लिटरच देतंय. पंप पट्ट्यावर असेल तर आधी पट्टा ढिला आहे का ते बघा. पट्टा घसरला की फेरे कमी होतात आणि पाणी घटतं. पेट्रोल इंजिनाचं मशीन असेल तर थ्रॉटल. दोन्ही ठीक असतील तर पाणी पंपापर्यंत येतं का ते तपासा.

पाण्याच्या टाकीचा नोझलशी काय संबंध?

लक्षणांचा संबंध आहे. गच्चीवरच्या टाकीतून अर्ध्या इंची नळाला येणारं पाणी १५ लिटरच्या पंपाला अनेकदा पुरत नाही. पंप हवा ओढतो, खडखडतो आणि दाब वरखाली होतो. लोकांना वाटतं नोझल मोठा झाला, म्हणून ते लहान लावतात. मूळ दुखणं तसंच राहतं, वर अनलोडरचं दुखणं मागे लागतं. नळ पंपाच्या गरजेपेक्षा निदान एक तृतीयांश जास्त पाणी देतो का ते आधी बघा: १५ लिटरच्या पंपासाठी नळाने २० लिटरची बादली मिनिटभरात भरायला हवी. भरत नसेल तर पाऊण इंची पाइप घ्या, किंवा मधे ड्रम ठेवून त्यातून पाणी द्या. ड्रममधली पातळी पंपाच्या वर राहील असं बघा.

एक नोझल २ चा आणि दुसरा २.५ चा लावला तर बेरीज बरोबर ४.५ येते. चालेल?

चालणार नाही. समोरासमोरच्या टोकांवर रेटा सारखा हवा. २.५ च्या बाजूला २ पेक्षा सव्वापट रेटा बसतो, दांडा थरथरतो आणि स्विव्हलचं (दांडा ज्यावर फिरतो त्या सांध्याचं) बेअरिंग एका अंगाने झिजतं. चार नोझलच्या दांड्यावर मात्र जोड्या वेगळ्या ठेवता येतात: समोरासमोरचे दोन १.५ चे आणि आडवे दोन १ चे. एकूण ५, म्हणजे २.५ च्या दोन नोझलएवढंच काम.

तीन किंवा चार नोझलचा दांडा जास्त चांगला का?

पाणी भरपूर असेल तर. २० लिटरच्या पुढची मशीनं, मोठी पार्किंगं, पेट्रोल पंपांची आवारं, तिथे तो शोभतो. एका फेऱ्यात जमिनीवरून दोनाऐवजी चार फवारे जातात, त्यामुळे पट्टे कमी उमटतात. पण पाणी तेवढंच राहून नोझल वाढले की प्रत्येक फवाऱ्याचा मारा हलका होतो. चिकटलेलं काळं शेवाळ किंवा तेलाचे डाग काढायला दोनच फवारे, पण जोरकस, हे जास्त उपयोगी पडतं. शिवाय नंबर १ आणि १.५ ची भोकं इतकी बारीक असतात की वाळूचा एखादा कणही ती बंद करतो. १५ लिटरपर्यंतच्या मशीनला दोन नोझलचा दांडाच घ्यावा, असं आमचं मत.

कोन कोणता घ्यायचा: १५, २५ की ४०?

२५. अगदी क्वचितच यात बदल करावा लागतो. नोझलचं तोंड जमिनीपासून साधारण ३ सेंटिमीटरवर असतं. तेवढ्या उंचीवर १५ अंशाचा फवारा जमिनीवर ०.८ सेंटिमीटर लांबीचा पडतो, २५ चा १.३ आणि ४० चा २.२ सेंटिमीटर. १५ ने मारा जोरात बसतो, पण पट्टे हमखास उमटतात. ४० नाजूक पृष्ठभागासाठी ठीक. शून्य अंशाचा नोझल सरफेस क्लीनरला लावूच नका; काँक्रीटमध्ये त्याच्या गोल रेघा कायमच्या कोरल्या जातात.

नोझल बसवताना काय काळजी घ्यायची?

मशीन बंद, गन दाबून पाइपातला दाब सोडून दिलेला, सरफेस क्लीनर उलटा ठेवलेला. मग:

१. जुने नोझल काढा. दांड्याचं एक टोक एका पान्याने धरा आणि दुसऱ्या पान्याने नोझल फिरवा. दांडा धरला नाही तर सगळा पीळ स्विव्हलवर येतो.
२. नवे नोझल लावण्याआधी मशीन कमी वेळ चालवून दांड्यातून नुसतं पाणी जाऊ द्या. आत अडकलेला गंज, वाळू निघून जाते. त्या वेळी क्लीनर सरळ, जमिनीवर टेकलेला हवा.
३. पुन्हा दाब सोडून द्या. नोझलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या, पण पुढचा एक आटा मोकळा सोडा. टोकापर्यंत गुंडाळलेल्या टेपचा तुकडा सुटतो आणि त्याच नोझलमध्ये जाऊन बसतो. नवा नोझल पहिल्याच दिवशी तुंबला तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.
४. नोझलच्या तोंडावर एक खाच दिसते. ती दांड्याच्या लांबीला समांतर आली पाहिजे. फवारा त्या खाचेच्या दिशेने पसरतो. खाच दांड्याला काटकोनात राहिली तर फवारा वर्तुळाच्या रेषेतच पडतो आणि जमिनीवर जेमतेम बोटभर रुंदीचं कडं धुतलं जातं.
५. दांडा हाताने फिरवून बघा. मोकळा फिरला पाहिजे.

आट्यांकडे लक्ष द्या. पाव इंची एनपीटीला (अमेरिकन मापाचे आटे) इंचात १८ आटे असतात, पाव इंची बीएसपीला (ब्रिटिश मापाचे) १९. दोन्ही आपल्याकडे मिळतात. चुकीची जोडी दोन-तीन फेरे आत जाते आणि मग अडते. जोर लावला तर दांड्याचे आटे मरतात.

फरशीवर गोल गोल पट्टे राहतात. नोझलच चुकलाय का?

तसं असेलच असं नाही. पट्टा का पडतो ते आधी पाहू. २५ अंशाचा फवारा जमिनीवर साधारण १.३ सेंटिमीटर जागा व्यापतो. दांडा मिनिटाला १५०० फेरे घेत असेल आणि तुम्ही सेकंदाला ३० सेंटिमीटर या वेगाने चालत असाल, तर एका फेऱ्यात क्लीनर १.२ सेंटिमीटर पुढे सरकतो. दोन नोझल आहेत, म्हणून दर ०.६ सेंटिमीटरला एक फवारा पडतो. जागा सुटत नाही. आता दांडा ६०० फेऱ्यांवर आला तर एका फेऱ्यात ३ सेंटिमीटर, म्हणजे दर फवाऱ्याला १.५ सेंटिमीटर. फवारा १.३ चा, पाऊल १.५ चं, मधे धुतली न गेलेली चंद्रकोर राहते.

म्हणून आधी निम्म्या वेगाने चालून बघा. पट्टे गेले तर सगळं ठीक आहे, घाई तेवढी कमी करा. नाही गेले तर क्लीनर उलटा करून दोन्ही नोझल तपासा (मशीन बंद करूनच). एक तुंबला असेल तर दर फेऱ्याला एकच फवारा पडतो, दांडा थरथरतो आणि पंपाचा आवाज बदलतो, कारण जवळपास सगळं पाणी एका भोकातून जाऊ शकत नाही आणि अनलोडर उघडतो. तिसरी शक्यता, वर सांगितलेल्या खाचेची दिशा. चौथी, झिजलेले नोझल. आणि शेवटची, झाकणाचा व्यास मशीनच्या पाण्याला जास्त आहे.

जुनी फरशी स्वच्छ होताना पहिल्या हाताला दिसणारे पट्टे आणि हे पट्टे यांत गल्लत करू नका. पहिल्या प्रकारचे दुसऱ्या, आडव्या हाताने जातात.

दांडा फिरतच नाही किंवा फारच सावकाश फिरतो.

हाताने फिरवा. अडखळला तर बेअरिंग गंजलंय किंवा स्विव्हलचा सील फुगलाय. ग्रीस भरायचा निपल असेल तर ग्रीस द्या, नसेल तर सील-बेअरिंग बदला. मोकळा फिरतो, पण पाण्याने फिरत नाही, तर रेटा कमी पडतोय: नोझल मोठे, पाणी कमी, किंवा नोझल अगदी सरळ खाली तोंड करून बसलेले. दांड्याची टोकं थोडी तिरकी असतात म्हणून तो फिरतो. काही दांड्यांत हा तिरकेपणा बदलता येतो. जास्त तिरका केला तर वेग वाढतो, पण जमिनीवरचा मारा कमी होतो.

मशीन सतत बंद-चालू होतं.

घरगुती मशीनमध्ये दाब ठरावीक मर्यादेला पोचला की मोटर आपोआप थांबते. नोझल लहान असतील तर गन दाबलेली असूनही ती मर्यादा गाठली जाते, मोटर थांबते, दाब उतरतो, पुन्हा सुरू होते. अर्धा नंबर वाढवा. वाढवूनही तसंच राहिलं तर एक नोझल तुंबला आहे का ते पाहा.

पाइप लांब असेल तर नंबर बदलायचा का?

तीन-अष्टमांश इंची पाइप असेल तर सहसा नाही. १५ लिटर पाण्याला ३० मीटर लांबीत सुमारे ५ बार जातात. पाव इंची पाइपात तेवढ्याच लांबीला ३० बारच्या आसपास जातात. हे ३० बार पंपाला लावावे लागतात, पण नोझलपर्यंत पोचत नाहीत. म्हणून पाव इंची लांब पाइप असेल तर हिशोबात २०० ऐवजी १७० बार धरा. त्याहून बरं म्हणजे पाइप बदला.

शहाबादी फरशी, जांभा, पेव्हर ब्लॉक: सगळ्यांना तोच नोझल?

नाही. दाब कमी करायला अनलोडर फिरवण्यापेक्षा मोठे नोझल लावणं चांगलं. पाणी पूर्ण मिळतं, मळ वाहून जातो, फक्त मारा मऊ होतो. १५ लिटरच्या मशीनवर दोन नोझलचा हिशोब असा:

२.५ चे दोन: १७३ बार
३ चे दोन: १२० बार
३.५ चे दोन: ८८ बार
४ चे दोन: ६८ बार

घट्ट काँक्रीट, ट्रिमिक्स (पाणी शोषून काढून घट्ट केलेलं काँक्रीट), गुळगुळीत कोटा यांना २.५. पेव्हर ब्लॉकला ३, २.५ ने सांध्यांतली वाळू उडते आणि ब्लॉक हलायला लागतात. वाळू थोडीफार जाणारच, धुऊन वाळल्यावर ती पुन्हा भरा. शहाबादीचे पापुद्रे निघतात, विशेषतः जुन्या अंगणातल्या, म्हणून ३ किंवा ३.५. कोकणातल्या जांभ्याला ३.५ पासून सुरुवात करा, तीही कोपऱ्यातल्या एका चिऱ्यावर. जांभा छिद्राळ असतो आणि जोराच्या पाण्याने त्याची कड ढासळते. पावसाळ्यानंतरचं शेवाळ काढायला तिथे दाबापेक्षा वेळ जास्त द्यावा लागतो. ४ च्या जोडीला अनेक दांडे मंद फिरतात, त्यामुळे ती क्वचितच लागते.

शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. धुण्याआधी त्यांवर ॲसिड टाकायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका, दगडाचं तोंड खाल्लं जातं.

मग व्यास किती घ्यावा?

मिनिटाला एक गॅलन पाण्यामागे चार ते पाच इंच. ७ लिटर म्हणजे १.८५ गॅलन: ७ ते ९ इंच, फार तर १२. १५ लिटरला १६ ते २०. २१ लिटरला २२ ते २७. मोठं झाकण लहान मशीनला लावलं तर काम लवकर होईल असा हिशोब मांडला जातो. प्रत्यक्षात दोनदा फिरवावं लागतं.

सरफेस क्लीनरमधून साबण सोडता येतो का?

बहुतेक मशीनांत नाही. साबण ओढणारा इंजेक्टर कमी दाबाला चालतो, आणि सरफेस क्लीनरचे नोझल दाब चढता ठेवतात. साबण आधी लान्सच्या काळ्या नोझलने मारा, पाच-दहा मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, मग सरफेस क्लीनर फिरवा.

नोझल झिजला हे कसं ओळखायचं?

दाबमापक असेल तर अगदी सोपं: नव्या नोझलचा दाब लिहून ठेवा. भोक झिजून प्रवाहक्षमता दहा टक्के वाढली की तेवढ्याच पाण्यावर दाब सुमारे १७ टक्के उतरतो, १७३ चे १४३ होतात. त्या टप्प्यावर बदला. मापक नसेल तर फवाऱ्याची कड बघा. नव्याची रेघ सारखी असते, झिजलेल्याची मधे जाड आणि कडेला विरलेली. बदलताना दोन्ही एकदमच, एकाच उत्पादकाचे. एक नवा आणि एक जुना म्हणजे वर सांगितलेली २ आणि २.५ ची जोडीच.

बोअरचं पाणी वापरतो. काही वेगळं?

दोन त्रास: वाळू आणि क्षार. वाळूसाठी पंपाच्या आधी ६० ते १०० मेशचा फिल्टर लावा आणि तो रोज उघडून धुवा. क्षार भोकात बसला तर नोझल काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उलट बाजूने पाणी मारा. टाचणी किंवा खिळा घालू नका. भोकाची कड एकदा खरचटली की फवारा वाकडाच पडतो. काम संपल्यावर सरफेस क्लीनर उन्हात तसाच सोडला तर दांड्यात राहिलेलं पाणी वाळून क्षाराचे खडे तयार होतात आणि पुढच्या वेळी ते थेट नोझलमध्ये येतात. शेवटी दांडा उभा धरून निथळू द्या.

चालू मशीनमध्ये झाकण उचलून फवारा बघितला तर?

कधीही नाही. कडेखालून सुटणारं पाणी दगड उडवतं, आणि जवळून लागलेला फवारा कातडीच्या आत शिरतो. बाहेरून टाचणीएवढंच भोक दिसतं, आत मात्र इजा पसरते. असं झालं तर मलम लावून वाट न बघता लगेच शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात जा आणि दाबाचं पाणी आत गेलंय हे स्पष्ट सांगा. विजेच्या मशीनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय ओल्या जमिनीवर काम सुरू करू नका. पायांत बंद बूट घाला.

मशीन अमेरिकेतलं आहे, सगळं पीएसआय आणि जीपीएममध्ये (मिनिटाला गॅलन) लिहिलंय.

तर काम उलट सोपं आहे. जीपीएमला √(४००० ÷ पीएसआय) ने गुणा आणि नोझलच्या संख्येने भागा. ४००० पीएसआय, ४ जीपीएमचं मशीन असेल तर एकूण ४, म्हणजे २ चे दोन. ३००० पीएसआय, २.५ जीपीएम असेल तर एकूण २.९, म्हणजे १.५ चे दोन. २५०० पीएसआय, ५.५ जीपीएम असेल तर एकूण ७, म्हणजे ३.५ चे दोन.

सोबत किती नोझल ठेवावेत?

दिवसभराच्या कामाला निघताना नेहमीच्या नंबरची एक जादा जोडी, एक नंबर वरची एक जोडी, टेफ्लॉन टेप आणि दोन पाने. नोझल कापडात गुंडाळून, डबीवर नंबर लिहून ठेवा. डबीत सुटे टाकले तर आपटून त्यांच्या तोंडाची खाच बिघडते.